दिव्याआधी गाळणी

छपरावरचं पावसाचं पाणी पिण्याजोगं करायला यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा घ्यायचं ठरवलंत, छान झालं. पण पैसे आधी गाळणीवर घाला. २५४ नॅनोमीटरचा हा प्रकाश जंतूंच्या डीएनएला इजा करतो आणि त्यांची वाढ थांबवतो. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांआड लपतात, प्रकाश पोचतच नाही. म्हणून मृगाचे पहिले पाऊस छपरावरून वाहून जाऊ द्या, मगच टाकी भरा. टाकीनंतर गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, पुढे कार्बनचा फिल्टर, आणि दिवा अगदी शेवटी.

विकत घेताना डोस, म्हणजे पाण्याला मिळणारी प्रकाशाची मात्रा, विचारा: दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलीज्यूल हवा. यंत्रावर लिहिलेल्यापेक्षा वेगाने पाणी सोडलंत तर तो घटतो. दिवा पेटलेला दिसला तरी साधारण ९,००० तासांनी, म्हणजे वर्षाने, बदलाच. दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी मधूनमधून पुसा.

कोकणात भर पावसात वीज जाते, हे विसरू नका. वीज गेल्यावर पाणी आपोआप बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) बसवा, आणि वीज येईपर्यंत पाणी उकळून प्या. क्लोरीनसारखा यूव्हीचा परिणाम पाण्यात टिकत नाही, तेव्हा दिव्यातून आलेलं पाणी साठवून ठेवू नका. आणि छपराला शिशाचा रंग असेल तर ते पाणी पिऊच नका. शिशापुढे यूव्हीचं काही चालत नाही.