शनीच्या कड्यासाठी ए-थ्री शीट

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या शनीच्या मॉडेलचा फोटो पाहिला, रॉकेटही करायचंय हे वाचलं. चेंडू अर्धा कापून मध्ये सीडी चिकटवली आहेस. पुण्यातल्या शाळांच्या प्रदर्शनांत असे शनी मी इतके पाहिलेत की आता सीडीवरची गाणीच विचारावीशी वाटतात! पण कडं ग्रहाला चिकटलेलं नसतं, मध्ये मोकळी जागा असते. ती किती, हे अंदाजाने नको ठरवूस.

एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर, एवढं एकच प्रमाण धर आणि मग ते सोडू नकोस. शनी होतो १२ सेंटिमीटरचा. आपली पृथ्वी १३ मिलिमीटरची, गोटीएवढी. ती शेजारी ठेवच. कड्याचा बाहेरचा व्यास साडेसत्तावीस सेंटिमीटरच्या जरा आत येतो, म्हणजे ए-फोर शीट पुरणार नाही. अप्पा बळवंत चौकात ए-थ्री मापाची पारदर्शक शीट माग.

कंपास एवढा उघडत नाही. पुठ्ठ्याची पट्टी घे, एका टोकाला टाचणी रोव आणि तिथून ६०, ७५, ११७.५, १२२ आणि १३७ मिलिमीटरवर पेन्सिलीचं टोक जाईल एवढी भोकं पाड. साठवर चेंडू बसेल. साठ ते पंचाहत्तर कोरं सोड, तिथलं कडं फारच पुसट असतं. ११७.५ ते १२२ मधली पट्टीही कोरी ठेव. ती कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली त्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाची मोकळी जागा. आपली आख्खी पृथ्वी त्या फटीत मावत नाही, हे गोटी ठेवून बघ.

चेंडू गोल ठेवू नकोस. शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, शिवाय बहुतांशी वायूचाच, त्यामुळे कमरेला फुगतो आणि डोक्याला बसतो. वरून-खालून सहा-सहा मिलिमीटर पॉलिशपेपरने घास. थर्माकोलवर स्प्रे पेंट मात्र चुकूनही मारू नकोस. मी मारला होता, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री. सकाळी शनीच्या जागी चाळण! आधी फेविकॉलने कागदाचे दोन थर दे, मग पोस्टर कलर.

जाडीचं काय, विचारशील. ती जमणार नाही. खरं कडं बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर जाड, तुझी शीट मात्र या प्रमाणात शंभर किलोमीटर. तरी ती डोळ्यांच्या रेषेत धर, रेघ उरते. मार्च २०२५ मध्ये आकाशातही तसंच झालं. १६१२ साली गॅलिलिओला कडी दिसेनाशी झाली तेव्हा तो चक्रावला होता, कारण ती कडी आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

आता तुझं रॉकेट. इस्रोचं पीएसएलव्ही ४४ मीटर उंच, म्हणजे १:१०० प्रमाणात ४४ सेंटिमीटर. ते शोकेससाठी कर, पण हवेत सोडू नकोस, भेलकांडेल. खरं रॉकेट झोताची दिशा वळवून तोल सावरतं, तुझ्याजवळ ती सोय कुठली? उडवायचं वेगळं कर. मोठे पंख शेपटीला, चिकणमातीचा गोळा नाकात. जिथे तोल साधतो तिथे दोरा बांध आणि डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे राहिलं तर सोड. आडवं झालं तर नाकात अजून माती.

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतली टाकाऊपासूनची खेळणी पाहिली नसशील, तर आईबाबांना घेऊन एकदा जा.

रविवारी संध्याकाळी इकडेच ये. खोली काळोखी करून एका बाजूने बल्ब लावू, शनीची सावली त्याच्याच कड्यावर पडलेली दिसेल. शीट सुरनळी करून आण, घडी घालू नकोस. फटीवर चूण पडली तर सगळं पुन्हा आखावं लागेल.