चाक हाताने फिरवून बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, कंपनीच्या बॉण्डच्या, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी करण्याच्या कराराच्या, कागदांचे फोटोही मिळाले. गोंदियाला २०० तास पूर्ण करून तू सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात घेतलंस, तेव्हा तुझ्या बाबांनी मला पेढे पाठवले होते. आता टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानासाठीच्या खास प्रशिक्षणाचे, पैसे त्याच बाबांच्या पीएफमधून निघणार आहेत, त्यामुळे तुझी झोप उडाली असेल हे मला कळतं. बोइंगचं ७३७ मॅक्स विमान पुन्हा ग्राउंड झालं, म्हणजे त्याचं उडणंच बंद केलं गेलं, तर आपलं काय होईल, एवढंच तू विचारलं आहेस. नातेवाईक तुला घाबरवत असतील, कंपनीतली माणसं ‘काही होत नाही’ म्हणत असतील. मी त्यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१० मार्च २०१९, रविवार. इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स अदिस अबाबाहून निघालं आणि सहा मिनिटांत कोसळलं. १५७ माणसं गेली. त्याआधी २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं मॅक्स जकार्ताजवळ समुद्रात पडलं होतं, त्यात १८९ गेली होती. दोन्हींमध्ये पाच महिन्यांचंही अंतर नव्हतं, म्हणून मॅक्स बंद होऊ लागलं. मी तेव्हा आखातातल्या एका कंपनीत कॅप्टन होते. आमच्याकडे ७३७ ची जुनी एनजी आणि नवी मॅक्स अशी दोन्ही होती, वैमानिक तेच आणि रोस्टरही, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रकही, एकच. मंगळवारी संध्याकाळी मी बॅग भरत होते. टॅब्लेटवर रोस्टर पाहिलं: बुधवारी कोची, शुक्रवारी काठमांडू. चहा करून परत आले तेव्हा बुधवारच्या चौकोनात ‘स्टँडबाय’, म्हणजे बोलावलं तर यायचं, असं आलं होतं आणि शुक्रवारचा चौकोन कोरा होता. फोन नाही, निरोप नाही. तो कोरा चौकोन मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मॅक्स बंद झालं म्हणजे मॅक्सचेच वैमानिक घरी बसले. तसं होत नाही. समज, कंपनीकडे ४० विमानं आणि ४०० वैमानिक आहेत, आणि त्यातली १० विमानं एका रात्रीत जमिनीवर आली. वैमानिक ४०० च राहतात. उरलेल्या ३० विमानांचं काम सगळ्यांत वाटलं जातं. महिन्याला ८० तास उडणारा ६० वर येतो. शिवाय ते ६० तास सरळ येत नाहीत. स्टँडबाय वाढतात, रात्री ११ ला फोन येतो आणि पहाटे ३ ला रिपोर्ट करायचं असतं, आठवडाभर आधी ठरवलेली सुट्टी सरकते. दुसऱ्या गावी जाऊन विमान घ्यायचं म्हणून प्रवाशांच्या खुर्चीत बसून जावं लागतं. मोजायला गेलं तर काम कमी झालेलं असतं, पण माणूस जास्त थकतो.

आता पगार. भारतीय कंपन्यांत महिन्याला ठरावीक तासांची हमी असते, म्हणजे कमी उडलीस तरी तेवढ्या तासांचे पैसे मिळतात आणि वरच्या तासांचे वेगळे. आमच्याकडे मूळ पगार वेगळा आणि उडालेल्या तासांचा भत्ता वेगळा असे. ग्राउंडिंगनंतर मूळ पगार आला, भत्ता घसरला. थोड्या महिन्यांनी बिनपगारी रजेचा अर्ज ‘ऐच्छिक’ म्हणून सगळ्यांच्या हातात आला. मी दोन महिने घेतले, कारण माझ्याबरोबरच्या फर्स्ट ऑफिसरची बायको गरोदर होती आणि कुणीतरी घ्यायलाच हवे होते.

अमेरिकेतही हेच झालं. साउथवेस्ट एअरलाइन्सकडे त्या दिवशी ३४ मॅक्स होती. तिथल्या वैमानिकांच्या संघटनेने ऑक्टोबर २०१९ मध्ये बोइंगवर दावा लावला: ३०,००० हून अधिक उड्डाणं रद्द झाली आणि आमची १० कोटी डॉलरहून जास्त कमाई बुडाली. बोइंगकडून मिळालेल्या भरपाईतले साधारण साडेबारा कोटी डॉलर कंपनीने नंतर सगळ्या कर्मचाऱ्यांना वाटायचं ठरवलं. ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्या वैमानिकांनी कुठलीही चाचणी नापास केली नव्हती, कुठलाही नियम मोडला नव्हता. तरी पगाराच्या पावतीवर सगळ्यात आधी फरक त्यांच्याच पडला.

या काळात मला माझ्या आईने तारलं. ती पोस्टात कारकून होती. मी कॅप्टन झाले त्या वर्षापासून ती माझा हिशेब एका शंभरपानी वहीत लिहायची. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘पक्के’, उजवीकडे ‘हवेतले’. मूळ पगार डावीकडे. तासांचा भत्ता आणि मुक्कामाचे पैसे उजवीकडे. डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता, किराणा, विमा, भावाची फी, सगळं डाव्या रकान्यातून जायचं. उजव्या रकान्याला ती हात लावू द्यायची नाही, ते सरळ ठेवीत. मी चिडायचे. एवढं उडते आणि साधी गाडी घ्यायची सोय नाही, असं म्हणायचे. मार्च २०१९ नंतर उजवा रकाना जवळजवळ रिकामा झाला आणि आमच्या घरात एकही हप्ता चुकला नाही. तू पहिल्या पगारापासून अशी वही घाल. मोबाइलमध्ये नको, कागदावर घाल, आणि आईबाबांना दिसेल अशी ठेव.

किती दिवस चालेल, हे पहिल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. १९७९ मध्ये शिकागोच्या अपघातानंतर डीसी-१० सव्वा महिना जमिनीवर होतं. २०१३ मध्ये बॅटऱ्यांमुळे ड्रीमलायनर तीन महिन्यांहून जास्त थांबलं. एअर इंडियाची सहा विमानं त्यात होती. मॅक्सला अमेरिकेत २० महिने लागले. आपल्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, २६ ऑगस्ट २०२१ ला परवानगी दिली, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांनी. चीनमध्ये प्रवासी घेऊन ते २०२३ च्या जानेवारीत उडालं. आणि जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स-९ चा दाराच्या जागी बसवलेला तुकडा हवेत उडाला, तेव्हा १७१ विमानं थांबली आणि तीन आठवड्यांच्या आत परत उडू लागली. आमच्या क्रू रूममध्ये दर महिन्याला नवी तारीख फिरायची. त्या तारखांवर लोकांनी लग्नं ठरवली, पोरांच्या शाळा बदलल्या.

विमान ग्राउंड न होताही हाच मार बसतो, हे लक्षात ठेव. २०२४ मध्ये मॅक्स वेळेवर मिळेनात म्हणून युनायटेडने आपल्या वैमानिकांना बिनपगारी रजा घेण्याची विनंती केली. आपल्याकडेही विमानांची वाट पाहत भरती झालेले वैमानिक उड्डाणाविना बसून राहिले. म्हणून मुलाखतीत ‘विमानं किती मागवली आहेत’ हे विचारू नकोस. ‘माझ्या बॅचसाठी किती विमानं हँगरमध्ये आली आहेत’ हे विचार.

आता मला मनापासून सांगायची आहे ती गोष्ट.

रोस्टर परत भरतं. पैसेही भरून निघतात, उशिरा का होईना. प्रशिक्षणातून जे कापलं जातं ते भरून निघत नाही. मॅक्स आलं तेव्हा एनजीच्या वैमानिकाला त्यावर जाण्यासाठी टॅब्लेटवर साधारण तासाभराचा कोर्स पुरेसा धरला होता. सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट, नाही. मीही तसाच केला, जेवणाच्या टेबलावर बसून. एमकॅस नावाची प्रणाली विमानाचं नाक आपोआप खाली ढकलू शकते, हे त्या कोर्समध्ये नव्हतं आणि वैमानिकांच्या मॅन्युअलमध्येही नव्हतं. सिम्युलेटर का टाळलं, हे नंतर अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीत बाहेर आलं: सिम्युलेटर प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर परत देऊ, असं बोइंगने साउथवेस्टला लिहून दिलं होतं. म्हणजे माझ्या आणि तुझ्यासारखीच्या शिकण्याच्या तासांवर किंमत लागली होती. ते वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही.

लायन एअरच्या त्या विमानाचा कॅप्टन दिल्लीचा मुलगा होता, वय ३१. आदल्या दिवशी त्याच विमानात नाक खाली ढकलण्याचा तोच बिघाड झाला होता आणि त्या क्रूने ट्रिमची मोटर तोडणारे कटआउट स्विच बंद करून विमान जकार्ताला आणलं होतं. पुढच्या क्रूला ते कळलं नाही. इथिओपियाच्या क्रूने कटआउट स्विच बंद केले, मग ट्रिमचं, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली जमवण्याचं, चाक हाताने फिरवायला घेतलं. पण वेग इतका वाढला होता की चाक हलेना.

ते चाक तू अजून पाहिलेलं नाहीस. दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये, तुझ्या गुडघ्याला लागून असतं. काळं, त्यावर पांढरी पट्टी. विमान स्वतः ट्रिम करतं तेव्हा ते खडखड करत गरगर फिरतं. गुडघा आत असेल तर चांगलं लागतं. आतून एक मूठ बाहेर काढता येते. सिम्युलेटरमध्ये मी मुलांना नाक खाली असताना, वेग वाढलेला असताना ती मूठ धरायला लावते. पहिल्यांदा सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच दिसतं. एका हाताने होत नाही, दुसऱ्या खुर्चीतल्याला मदतीला घ्यावं लागतं, आणि तोपर्यंत कंट्रोल कोण धरणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. टॅब्लेटच्या काचेवर बोट फिरवून हे कसं कळणार?

ग्राउंडिंग उठवताना अमेरिकेच्या विमान नियामकाने, एफएएने, सिम्युलेटर सक्तीचं केलं ते यासाठीच. पण त्यातही एक मेख आहे. सुरुवातीचं सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर त्या चाकाचा खरा जोर दाखवत नव्हतं. बोइंगने ते २०१९ मध्ये मान्य करून दुरुस्त केलं. आणि आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीएने एकाच कंपनीच्या ९० वैमानिकांना मॅक्स उडवण्यापासून थांबवलं, कारण ज्या सिम्युलेटरवर त्यांचं प्रशिक्षण झालं त्यातला स्टिक शेकर चालत नव्हता. स्टिक शेकर म्हणजे स्टॉलची, पंखांची उचल संपून विमान खाली पडू लागण्याची, चाहूल लागली की हातातलं कंट्रोल थरथरवणारं यंत्र. नेमकी जी थरथर त्या दोन्ही कॉकपिटमध्ये खोटी सुरू झाली होती, तीच शिकवायची राहिली. त्या ९० जणांना परत प्रशिक्षण घ्यावं लागलं.

तेव्हा सिम्युलेटरमध्ये शिरताना बिघाडांची नोंदवही उघडून बघ. काय बंद आहे ते वाच. तुझ्या धड्याला लागणारी गोष्ट बंद असेल तर धडा झाला अशी सही करू नकोस. प्रशिक्षक रागावेल, स्लॉट वाया जाईल, तरी नको. मी प्रशिक्षक म्हणून सांगते, असं म्हणणाऱ्या मुलीचा मला राग येणार नाही.

ग्राउंडिंगच्या काळात आणखी एक गोष्ट हातातून सुटते. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर तू प्रवासी घेऊन उडू शकत नाहीस. ते सिम्युलेटरवर करता येतात, पण तेव्हा सगळ्या कंपनीलाच तो हवा असतो. यंत्र दिवसरात्र चालतं, चांगले स्लॉट ज्येष्ठांना जातात, नव्यांना रात्री २ ते ६. तो मिळाला की आनंदाने घे. लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रशिक्षकाबरोबर प्रवासी घेऊन उडण्याचं प्रशिक्षण, अर्धं राहिलेल्यांचे हाल सगळ्यात जास्त होतात. ११ मार्च २०१९ ला, विमान बंद होण्याआधीच, डीजीसीएने मॅक्ससाठी कॅप्टनला १००० आणि को-पायलटला ५०० तासांची अट घातली होती. कमी तासवाले तेव्हाच बाजूला झाले. म्हणून पहिले ५०० तास पटकन पूर्ण कर. रोस्टरवाल्यांनी नको असलेली फ्लाइट विचारली तर घे.

मावशी म्हणते, एअरबस घे, ती सुरक्षित. तिला माझा नमस्कार सांग. पण मार्च २०१८ मध्ये इंजिनांमुळे एअरबसची काही ए३२० निओसुद्धा आपल्याकडे थांबली होती, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला तो इंजिनांअभावी जवळजवळ निम्मी विमानं उभी असल्याचं सांगूनच. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तर ७३७ चे कसलेले कॅप्टन मुंबईत नोकरी शोधत होते. विमानाचं नाव बघून यातून सुटका होत नाही.

बॉण्डमध्ये तीन जागा मी पेन्सिलीने खुणावल्या आहेत. हमीचे तास ‘कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने’ उड्डाण थांबलं तर लागू राहतात का, हे लिहिलेलं नाही. ते लेखी माग. विमान ग्राउंड असताना बॉण्डची वर्षं मोजली जातात की थांबतात, तेही स्पष्ट नाही. आणि चौथ्या पानावर, रिसेन्सीसाठी, म्हणजे त्या ९० दिवसांच्या अटीसाठी, लागणाऱ्या सिम्युलेटरचा खर्च ‘उमेदवाराने’ असं आहे. ते कापायला लाव. बाकी कागद ठीक आहे. या तीन गोष्टी सुधारल्या तर सही कर, मॅक्सला घाबरून थांबू नकोस. आज त्याच्यावर शिकणाऱ्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवलं जातं.

या शनिवारी रात्री माझा २ ते ६ चा स्लॉट आहे. तुला मागच्या खुर्चीत बसवण्याची परवानगी मी काढून ठेवली आहे, आणि शेवटची २० मिनिटं तुला उजव्या खुर्चीत बसवून ते चाक फिरवायला देणार आहे. मूळ ओळखपत्र आण, फोटोकॉपी चालत नाही. स्वेटरही आण, आत फार गार असतं.

तुझी,
मावशीसारखीच एक कॅप्टन