उंबराच्या पानावरचा ‘कोळी’ उडाला कसा?

प्रश्न: ताई, आमच्या घरामागं उंबर आहे, परवा सकाळी त्याच्या पानावर पार छोटा कोळी दिसला, झटके देत चालत होता, बोट जवळ नेलं तर भुर्रकन उडालाच की! फोटो झूम केला तर पंख, अन् कडेला चांदीसारखे ठिपके. मित्र म्हणे मेटलमार्क, पण सर्च केलं तर फुलपाखरंच येऊन राहिलीत. हे नेमकं आहे काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: मित्र बरोबर बोलला, फक्त मेटलमार्क नावाची फुलपाखरंही असतात म्हणून घोळ झाला. तुम्ही बघितलात तो पतंग (मॉथ) आहे, कोर्युटिडी कुळातला, याच कुळातल्या पतंगांना मेटलमार्क म्हणतात, आणि वर्णनावरून त्यातल्या ब्रेन्थिया गटातला वाटतोय. हे नाव कीटकशास्त्रज्ञ क्लेमेन्सनं 1860 मध्ये दिलं.

ओळखताना रंगाच्या आधी बसणं बघा. बरेच पतंग पंख अंगावर मिटून गप बसतात, हा मात्र पुढचे पंख उचलून तिरपे धरतो, त्यामुळे मागचेही दिसतात, आणि थोडं चालला की थांबतो, गर्रकन वळतो, परत चालतो. समोरून बघितलं तर पंखांवरचे पट्टे कोळ्याच्या पायांसारखे आणि ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. तुम्ही फसलात त्यात नवल नाही हो, खुद्द कोळीच फसतो! 2006 मध्ये कोस्टा रिकातल्या ब्रेन्थियांवर अभ्यास छापून आला, उडी मारणाऱ्या कोळ्यांसमोर हे पतंग सोडले तर कोळी झडप घालायच्या ऐवजी पुढचे पाय वर करून इशारे करायला लागले, म्हणजे दुसरा कोळी आपल्या हद्दीत आलाय असं समजून, आणि तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या पतंगांपेक्षा हे जास्त वाचले. मला तर हे वाचून किती दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

कुळाची खात्री करायची तर भिंग लागेल, सोंडेच्या बुडाशी खवले असतात. दिसायला जवळचे टॉर्ट्रिसिडी कुळातले पतंग असतात, त्यांची सोंड साफ असते. जातीचं नाव मात्र फोटोवरून नका ठरवू, त्यासाठी बऱ्याचदा जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघावी लागतात.

उद्या पानं उलटून बघा. पानाखाली विरळ जाळी आणि तिथंच पानाला छोटंसं भोक दिसलं तर हात लावू नका, धोका वाटला की ब्रेन्थियाची अळी त्या भोकातून पलीकडं सटकते. याच कुळातल्या कोर्युटिस गटाच्या काही अळ्या अंजिराची पानं खातात आणि अंजीर म्हणजे उंबराचाच भाऊबंद, तेव्हा तुमच्या उंबरावरही अशा अळ्या असू शकतात, त्या मरू नयेत म्हणून झाडावर फवारणी तेवढी करू नका, आणि पुढच्या वेळी फोटोऐवजी व्हिडिओ काढा, चाल त्यातच कळते.