सही नोटरीकडे केलीत की निबंधकाकडे?

प्रश्न: पुरंदर तालुक्यातल्या एका ताई लिहितात: पती चार वर्षांपूर्वी वारले. सव्वादोन एकर मीच कसते. सातबारा अजून पतींच्या नावावर, म्हणून सोसायटी पीककर्ज नाकारते. अडीच वर्षांपूर्वी दिरांनी हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली. प्रत दिली नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे. सोसायटीवर केस करता येईल का?

उत्तर: ताई, दर खरिपाच्या तोंडावर अशी पत्रं येतात आणि सगळ्यांचा राग सोसायटीवर असतो. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही हे खरं. पण तारण नको म्हणजे सातबारा नको, असं नाही. केसचा नाद सोडा.

तुमचं सगळं अडलंय त्या कागदावर. न वाचता सही, वर प्रतही मागितली नाही! आता आठवून सांगा: तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला होता? यंत्रावर अंगठा ठेवायला लावला होता? नसेल, नुसता स्टँपपेपर आणि नोटरीचा शिक्का असेल, तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ मुळे त्या कागदाने जमिनीतला तुमचा हक्क सुटत नाही.

फोटो-अंगठा झाला असेल, तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी दस्तनोंदणी कार्यालयात, नोंदलेला आहे. मग तो रद्द करायला दिवाणी दावाच लागेल, आणि त्याला मुदत तीन वर्षांची. फसवणूक कधी कळली यावर ती मोजतात, पण त्या वादाच्या भरवशावर राहू नका, सहीपासूनच मोजा. म्हणजे हातात सहा महिने. निकाल कधी लागेल ते मला विचारू नका, दावा मुदतीत दाखल होणं तेवढं तुमच्या हातात आहे. मुलीच्या हिश्शाची गोष्ट वेगळी: कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलीचा हिस्सा सोडून दिला असेल, तर त्याला आव्हान देता येतं.

तेव्हा याच आठवड्यात निबंधक कार्यालयात सूची दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्या आणि दस्त निघाला तर त्याची नक्कल काढा.

वारसनोंदीची वर्दी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत द्यायची होती. उशिराने हक्क जात नाही. आजही तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. सासूबाई हयात असतील तर त्यांचंही नाव लागेल. दिरांनी हरकत घेतली तर नोंद तक्रारी होईल, म्हणजे सुनावणी होऊन निकाल दिला जाईल. निकाल विरोधात गेला तर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील. जमीन पतींच्या एकट्याची की अजून एकत्र, हे जुने फेरफार पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

या हंगामापुरतं बचत गटातून किंवा संयुक्त दायित्व गटातून (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणाऱ्यांच्या छोट्या गटातून) कर्ज मिळतं का, ते बँकेत विचारा. देणं-न देणं शाखेवर आहे. आणि दिरांनी पुन्हा कागद पुढे केला, तर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा.