मराठी माध्यमातून शिकलोय, स्पर्धा परीक्षेसाठी इंग्लिशचे शब्द, इडियम्स आणि ग्रामर कसं पक्कं करू?

तुम्ही लिहिलंय की चोपडा तालुक्यातले आहात, बीए झालंय, तलाठी आणि एसएससी (दहावी नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा) दोन्हीची तयारी चालू आहे, आणि रोज पन्नास शब्द पाठ करूनही आठवड्याने सगळं कोरं. मी पण खान्देशातलाच भाऊ, अमळनेरकडचा, शाळा झेडपीची, आता केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क आहे. जे कामाला आलं तेवढंच सांगतो.

आधी ते पन्नास शब्द बंद करा. एबीसीडीच्या क्रमाने यादी घोकली की ए चे शब्द पाठ होतात, बी अर्धा होतो आणि मग कापूस वेचणी येते नाहीतर घरात लग्न निघतं, परत ए पासून सुरुवात. त्यापेक्षा एसएससीचे जुने शिफ्टवाइज (परीक्षा वेगवेगळ्या पाळ्यांत होते, प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा) पेपर काढा, ऑनलाइन ढीगभर पडलेत, आणि सिनोनिमचा एक प्रश्न सोडवला की फक्त बरोबर उत्तर बघून पुढे पळू नका, चारही ऑप्शन वहीत घ्या. आज जो चुकीचा ऑप्शन आहे तोच दुसऱ्या कुठल्या तरी शिफ्टला प्रश्न म्हणून येतो, हे दहा-बारा पेपर केले की तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि वहीत इंग्लिश शब्द देवनागरीत लिहायची सवय असेल तर ती मोडा. मी आत्ता इथे देवनागरीतच लिहितोय ते वेगळं, पण स्पेलिंगचा प्रश्न हमखास असतो आणि तिथे ही सवय नडते. स्टेशनरी म्हणजे वह्या-पेनं, आणि स्टेशनरी म्हणजे जागचं न हलणारं, एकात शेवटाकडे ई, दुसऱ्यात ए, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार ना. ॲकोमोडेशनमध्ये सी दोन आणि एम पण दोन, हे हाताने रोमनमध्ये लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आता ग्रामर. याबद्दल जरा जास्त बोलतो कारण आपली पोरं इथेच मार्क घालवतात, आणि खरं सांगायचं तर इथलेच मार्क सगळ्यात सोपे आहेत. अख्खं ग्रामरचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. एरर शोधायच्या प्रश्नात जी चूक पेरलेली असते ती बऱ्याचदा आपण मराठीतून विचार करून करतो तीच असते. आपण म्हणतो एखाद्या विषयाबद्दल चर्चा केली, म्हणून तोंडात येतं डिस्कस्ड अबाउट, तिथे अबाउट लागतच नाही. अमुकशी लग्न केलं म्हणून मॅरीड विथ, तिथे टू पाहिजे. पेक्षा म्हटलं की आपल्याला दॅन आठवतो, पण सुपीरियर, ज्युनियर, प्रिफर यांच्यापुढे टू. दोन वर्षांपासून राहतोय याचं आपण करतो आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टू इयर्स, त्यात एका वाक्यात दोन चुका, हॅव बीन लिव्हिंग पाहिजे आणि सिन्सच्या जागी फॉर, कारण टू इयर्स हा कालावधी आहे, 2020 सारखा सुरुवातीचा बिंदू असता तर सिन्स चाललं असतं. अनलेसच्या पोटात नाही असतंच, तरी आपण पुढे परत नॉट घालतो.

खान्देशी माणसाचा तर अजून एक खास प्रॉब्लेम. आपण दिवसभर काय करून राहिला, मला समजून राहिलं असं बोलतो, अहिराणीत पण तेच, काय करी राहिना. त्यामुळे आय ॲम नोइंग, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स हे आपल्या कानाला खटकतच नाही. नो, ओन, बिलाँग, अंडरस्टँड असली क्रियापदं साधारण आयएनजी घेत नाहीत, आणि हॅव चा अर्थ जवळ असणं असेल तर त्यालाही आयएनजी नको (हॅविंग लंच चालतं, तिथे अर्थ जेवणं आहे). कानावर विसंबू नका, वहीचं एक पान फक्त असल्या मराठी वळणाच्या चुकांना द्या. बाकी वन ऑफ द च्या पुढे नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, द नंबर ऑफ ला इज आणि अ नंबर ऑफ ला आर, नो सूनर बरोबर दॅन आणि हार्डली बरोबर व्हेन, हे ठरलेले गिऱ्हाईक आहेत, फिरून फिरून येतात.

इडियम्सचे मी सरळ ढीग पाडतो. राईचा पर्वत, आगीत तेल ओतणं, एका दगडात दोन पक्षी, यांची इंग्लिश भावंडं वाचल्या वाचल्या कळतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. ज्यांच्यामागे गोष्ट आहे त्यांची गोष्ट एकदा वाचा. हॉब्सन्स चॉइस घ्या. केंब्रिजला थॉमस हॉब्सन नावाचा माणूस घोडे भाड्याने द्यायचा, 1631 मध्ये वारला, त्याचा नियम असा की दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच घ्यायचा, नको असेल तर चालते व्हा. आपल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत लोक दात बघतात, चाल बघतात, चार जनावरं फिरून घासाघीस करतात, आणि इथे चॉइस नावालाच. एवढं वाचलं की अर्थ परत पाठ करावा लागत नाही. उरतात कोल्ड शोल्डर (मुद्दाम दुर्लक्ष करणं), किक द बकेट (मरणं) असले, ते मात्र रट्टाच. त्यांच्या ऑप्शनमध्ये बादलीला लाथ मारली असा शब्दशः अर्थ दिसला तर तो पहिल्यांदा कापा, बहुतेक वेळा तो गंडवायलाच ठेवलेला असतो.

वन वर्डसाठी, म्हणजे अख्ख्या वाक्यासाठी एक शब्द विचारतात त्या प्रश्नासाठी, शब्दांच्या शेपट्या पकडा. शेवटी साइड (cide) आलं म्हणजे मारणं, मग पॅट्रिसाइड (बापाला), मॅट्रिसाइड (आईला), रेजिसाइड (राजाला) एका दमात होतात, पॅट्रि-मॅट्रि तर आपल्या पितृ-मातृचेच नातेवाईक.

उजळणी वाचून करू नका, अर्थाची बाजू हाताने झाकून करा. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, आणि जो शब्द तिन्ही वेळा आला त्याच्यावर काट मारून मोकळे व्हा. एसटीत, भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये, कुठेही होतं.

रोज इंग्लिश पेपर वाचा हा सल्ला तुम्हाला सगळेच देतील. बँकेची करत असाल तर वाचा, तिथे पॅसेज आणि क्लोज टेस्टचं (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या) राज्य आहे. नुसत्या तलाठीसाठी संपादकीय फोडत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्लिशचे होते, प्रत्येकी 2 मार्क, निगेटिव्ह नव्हतं, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एसएससीच्या सीजीएल (पदवीधरांची) आणि सीएचएसएल (बारावी पासची) परीक्षांच्या टियर 1 ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, पण इंग्लिशचे 25 च प्रश्न, पण तिथे चुकीला अर्धा मार्क जातो, म्हणून दोन ऑप्शन नक्की कापता आले तरच डाव खेळा. आणि तिथे 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, त्यामुळे घरी इंग्लिशचा सेक्शन घड्याळ लावून दहा-बारा मिनिटांत संपवायची सवय करा, उरलेला वेळ गणिताला लागतोच.