तो कधी फाडत नाही?

पावसाळा लागला की कुत्र्यांच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या फोनांचा सूर बदलतो. एरवी भुंकणं, पाहुण्यांच्या अंगावर जाणं, घरात बाळ येणार म्हणून वाटणारी धास्ती, असे प्रश्न असतात. जून-जुलैत मात्र बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमधून, कॅम्पातून, खानापूर-निपाणीकडून एकच वाक्य कानावर येतं: "मॅडम, नवीन गादी घातली की दोन दिवसांत चिंध्या." मग फाडलेल्या वस्तूंची यादी होते. रबरी चेंडू, कापूस भरलेलं अस्वल, उशी, पायपुसणं. आणि शेवटी आवाज जरा खाली आणून खरी शंका बाहेर येते: "आमच्यावर सूड काढतोय काय हो?"

मी मुळात कुटुंबांची समुपदेशक. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास नंतर केला. त्यामुळे तक्रार कुत्र्याची असली तरी मी आधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवते, म्हाताऱ्या माणसांसकट. कुत्र्याला शिकवणारे आता बेळगावातही बरेच झालेत. त्याच्याभोवतीचं घर ऐकून घेणारे कमी आहेत, आणि माझा अनुभव असा की निम्मं उत्तर त्या घरातच पडलेलं असतं.

वडगावातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. विणकराचं घर. मागच्या बाजूला दोन यंत्रमाग, पुढे पडवी. नवरा माग बघतो, बायको शाळेत शिकवते, मुलगा कॉलेजला, आणि आज्जी. कुत्र्याचं वय वर्षाच्या आतलं. त्याला राजा म्हणू. आई मुधोळ जातीची, बाप गल्लीतला कोणीतरी.

"टपाल तिकिटावर छापलेली जात आहे म्हणून आणला," नवरा म्हणाला. ते खरं आहे. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. "खरं ह्यानं नाव घालवलं. काय कमी केलंय आम्ही ह्याला?"

बायकोकडे हिशोब तयार होता. प्रत्येक खेळणं आधीच्यापेक्षा महाग आणि दणकट, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा लवकर संपलेलं. मुलाच्या मते अजून दणकट मागवायला हवं होतं. नवऱ्याच्या मते खानापूरकडच्या पाव्हण्यांच्या शेतावर नेऊन सोडायला हवं होतं. आज्जी काही बोलत नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ राजाला अंथरायला दिली होती, आणि ती एका कोपऱ्यातून पार उसवली होती.

"चूक केली हे त्याला कळतंय," नवरा म्हणाला. "मी घरात आलो की मान खाली घालतोय, कान पाडतोय. कळत नसतं तर असं केलं असतं काय?"

हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो, म्हणून थोडं थांबून सांगते. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं 2009 मध्ये या अपराधी चेहऱ्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मना केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, यावर तो चेहरा ठरत नव्हता. मालक रागावला की तो दिसत होता. ज्यानं काही खाल्लंच नव्हतं, त्याला रागावलं तरी तोच चेहरा. म्हणजे राजा मान खाली घालत होता ती मालकाचा आवाज आणि चाल ओळखून. तासाभरापूर्वी फाडलेल्या गादीशी त्याचा संबंध तो लावत नव्हता.

नवऱ्याला हे पटलं नाही. मीही वाद घातला नाही. पटवून देऊन घरं बदलत नाहीत, असं माझं जुनं मत आहे.

त्याऐवजी मी माझा आवडता प्रश्न विचारला. भांडणाऱ्या नवरा-बायकोला, शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या आई-बापांना मी हाच विचारते. "तो फाडतो ते कळलं. फाडत नाही असं कधी होतं?"

"रोजच फाडतोय," मुलगा म्हणाला.

"रविवारी?" "रविवारीबी." "पाऊस नसला तर?" बायको विचारात पडली. "पाऊस नसला, फिरून आला, तर जरा कमी. खरं थांबत नाही."

मग आज्जी पहिल्यांदा बोलल्या. "मी शेंगा फोडत बसले की गप असतोय."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "म्हणजे?"

"मृगाच्या आधी माझ्या माहेरच्यांनी बियाण्याच्या शेंगा फोडायला आणून टाकल्या नव्हत्या? दुपारचं पडवीत बसायची मी. हा म्होरं येऊन बसायचा. एक शेंग टाकली की पायात धरून फोडायचा, दाणा खायचा, टरफल थुकायचा. मग दुसरी. तासभर तेच. मग तिथंच आडवा. त्या दिवसांत वाकळीला तोंड लावलं नाही त्यानं."

"आई, तू त्याला शेंगा देत होतीस?" नवरा म्हणाला.

"तू रागावशील म्हणून सांगितलं नाही."

पोतं कधी संपलं, मी विचारलं. पेरणी झाली तेव्हा. आणि फाडणं कधी वाढलं? बायकोनं मोबाईलमधले फोटो काढले. फाटक्या वस्तूंचे फोटो ती दुकानदाराला दाखवायला काढत असे. पहिला मोठा दंगा पोतं संपल्यानंतरच्या आठवड्यातला. घरानं सगळा दोष पावसाला दिला होता. पावसाचा वाटा होताच, फिरणं बंद पडलं होतं. पण त्याच सुमाराला राजाचं दुपारचं काम गेलं होतं, आणि ते काम होतं हेच आज्जींखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

असे क्षण या कामात रोज येत नाहीत. घरातलं जे माणूस सगळ्यात कमी बोलतं, बहुधा त्याच्याकडेच ते सापडतात, म्हणून मी म्हाताऱ्यांना बोलावल्याशिवाय बसत नाही.

शेंगा मात्र चालू ठेवायला मी सांगितलं नाही. एखाद-दुसऱ्या दाण्यानं बिघडत नाही, पण टरफलं गिळली तर आतड्यात अडकू शकतात, आणि साठवणीतल्या शेंगांना बुरशी धरली असेल तर ती कुत्र्याच्या यकृताला घातक. आम्हाला शेंगेतलं मर्म हवं होतं. बंद काहीतरी, ते उघडायचं, आतलं खायचं, बाहेरचं टाकायचं.

पुढच्या भेटीला मी पुठ्ठ्याचा खोका घेऊन गेले. चिकटपट्टी आणि पिना काढलेल्या. आत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे, आणि बोळ्यांत कडक भाकरीचे तुकडे. खोका पडवीत ठेवला. राजानं वास घेतला, एक पाय वर ठेवला आणि थांबला. वळून मालकाकडे बघितलं. कान मागे, शेपूट खाली. मालकाचा हात सवयीनं अर्धा वर गेला होता.

"हात खाली घ्या," मी म्हटलं. "आणि त्याला सांगा."

"काय सांगू?"

"फाड म्हणून."

त्यांना ते फार जड गेलं. इतके महिने 'ए, सोड' एवढंच बोललेला माणूस. शेवटी म्हणाले, "फाड की रे." आवाज ऐकून मला वाटतं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. राजानं एक कोपरा दातात धरला, पंजानं दाबला, आणि टर्रकन आवाज आला. मग पडवीभर पुठ्ठा. बोळे उलगडले, भाकरी कुरकुरली, कागद बाजूला पडले. गिळलं काहीच नाही, ते मी बारकाईनं बघत होते. मुलगा मोबाईलवर टिपत होता, बायको हसत होती. शेवटचा बोळा उघडून झाल्यावर राजानं रिकाम्या खोक्यात नाक घालून खात्री केली, अंग झाडलं आणि उघड्या फरशीवर ताणून दिली. उसवलेली वाकळ हाताच्या अंतरावर घडी घालून ठेवली होती. तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

नवरा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यावर राग नव्हता ह्याचा."

तक्रार गादीची होती, पण सलत हे होतं. त्या एका वाक्यानंतर शेतावर सोडण्याची भाषा त्या घरात पुन्हा निघाली नाही.

राजाच्या आईची जात, आपल्याकडे जिला कारवानी म्हणतात, सशामागे धावून त्याला धरण्यासाठी जोपासलेली. शिकार म्हणजे एक साखळी असते: बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, फाडणं, खाणं. माणसानं निरनिराळ्या जातींत या साखळीतल्या निरनिराळ्या कड्या घट्ट केल्या. मेंढ्या हाकणाऱ्यात बघणं आणि वळवणं, लॅब्राडोरमध्ये तोंडात धरून आणणं, उंदीर मारणाऱ्या टेरियरमध्ये पकडून झिंजाडणं. पण बाकीच्या कड्या पुसल्या जात नाहीत. ताटलीत आयतं खाणं येतं तेव्हा साखळीतलं फक्त शेवटचं टोक वापरलं जातं, मधलं सगळं तसंच शिल्लक राहतं. खेळणं टिकलं की आपले पैसे वसूल झाले. कुत्र्याला मात्र ते उघडून, पोट काढून, संपवल्यावरच समाधान. म्हणून अधिकाधिक दणकट खेळण्यांची शर्यत मालक कधी जिंकत नाही. न फाटणारं काय आणू, असं विचारणाऱ्याला मी फाटू शकेल असं काय देता येईल ते शोधायला लावते.

आता जे मी सगळ्यांनाच सांगते. खोका गोंधळाच्या वेळेच्या आधी द्यायचा. राजा चार वाजल्यानंतर सुरू व्हायचा, म्हणून त्याला साडेतीनला. फाडून झाल्यावर दिला तर तो फाडण्याची बक्षिशी होते. पहिले काही दिवस शेजारी बसून बघायचं. तुकडे थुकत असेल तर ठीक. पुठ्ठा गिळत असेल तर हा उपाय त्याच्यासाठी नाही, त्याला अंगणात विखुरलेले भाकरीचे तुकडे हुंगून शोधायला लावा. आत उकडलेलं अंडं, गाजर, भाकरी चालते. मनुका, कांदा, चॉकलेट अजिबात नाही. आणि कुंदा ही मिठाई कितीही बेळगावची असली तरी ती माणसांसाठी ठेवा.

तोंडातली वस्तू हिसकावू नका. हिसकावलं की कुत्रा एकच गोष्ट शिकतो, पुढच्या वेळी लवकर गिळायचं. काहीतरी चांगलं पुढे करून अदलाबदल करा. गादीला लाल तिखट चोळायचा सल्ला शेजारी हमखास देतात. त्यानं डोळे-नाक जळतात आणि फाडायची गरज आहे तिथंच राहते. फार कडक वस्तूही नकोत. अंगठ्याचं नख दाबून खूण उमटत नसेल, तर ती दात तोडू शकते. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांच्या धारदार कपच्या निघतात.

अंथरुणाचं उत्तर सोपं आहे, लोकांना फक्त ते वाईट दिसतं. काही महिने गादी काढून घ्या. कापूस, चेन, झालर, गोंडे, म्हणजे दाताला धरायला सापडेल असं काही नको. चार पायांच्या चौकटीवर ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास उत्तम, कारण त्याला कडाच हाती लागत नाहीत. थंडीत वर एक साधी चादर, तीही कुत्रा फिरून आणि फाडून दमल्यावर, आणि घरात कोणी असताना.

तीन बाबतींत मात्र खोक्यावर विसंबू नका. पिल्लाचे 28 दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे येतात. त्या काळात हिरड्या दुखतात म्हणून चावणं असतं, गार केलेलं गाजर द्या, ते ओसरतं. दुसरं, कुत्रा एकटा असतानाच फाडत असेल, नुकसान दाराच्या चौकटीला, खिडकीला असेल, घरचे बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सुरू होत असेल, लाळ गळत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे आणि तिचा उपाय वेगळा. मोबाईल लावून ठेवा, कळेल. तिसरं, मोठ्या कुत्र्यानं अचानक सुरू केलं, किंवा तो माती-दगड-कापड गिळू लागला, तर आधी पशुवैद्य.

विणकरांच्या घरात एक गोष्ट मी फार ठासून सांगते. दोरा. गिळलेला लांब दोरा आतड्याला चुण्या पाडत आतून कापत जातो. उलट्या, खाणं बंद, कुंथणं दिसलं की थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ते ओढायचं नाही.

राजा पूर्ण सुधारला असं मी म्हणणार नाही. पाऊस लागोपाठ चार दिवस राहिला की पायपुसणं अजून जातं. कॅनव्हासची बाज मात्र टिकली आहे. आज्जींनी वाकळ पुन्हा शिवली आणि स्वतःच्या खाटेवर घातली.

खोके कुठून आणायचे हा प्रश्न नवऱ्यानंच सोडवला. सूत येतं ते पुठ्ठ्याच्या कोनांवर, आणि रिकामे कोन मागाशेजारी पोत्यानं पडलेले असतात. कोनात भाकरी कोंबायची, वर कागदाचा बोळा. मी एकच अट घातली, कोनावर सुताचा एक धागाही उरता कामा नये. ते बघायचं काम आधी मुलाकडे दिलं होतं. आज्जींनी ते आपल्याकडे घेतलं. त्याची नजर मोबाईलात असतीय, म्हणाल्या.