पुरुषांच्या साध्या घागऱ्यासाठी माप आणि कापड

पँटवरचा आकडा माप म्हणून धरू नका. पँट कमरेखाली बसते, हा स्कर्ट बेंबीच्या जरा खाली. टेप तिथेच लावा. समजा कंबर ३६ इंच, सीट (नितंबांचा सर्वांत रुंद घेर) ३९. सैलपणाला १ इंच धरून सीट ४०.

स्कॉटलंडच्या किल्टसारखा गुंडाळायचा प्रकार नवशिक्याला सोपा, कारण कंबर थोडी वाढली तरी बटण सरकवून भागतं. पुढे एकावर एक दोन सपाट पल्ले, प्रत्येकी २० इंच. मागे २० इंचांत १० चुण्या: प्रत्येक दिसते २ इंच, आत दडते ४, म्हणजे ६० इंच कापड. एकूण १००, कडांसाठी आणखी ४. अठ्ठावन्न इंच पन्ह्याच्या जाड ड्रिलच्या (घट्ट विणीच्या सुती कापडाच्या) दोन पट्ट्या जोडा. जोड चुणीच्या आत लपवा. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत २४ असेल तर कापा साडेसव्वीस. कमरपट्टीसकट पावणेदोन मीटर पुरतं. आधी धुऊन घ्या, सुती आटतंच.

खालची दुमड चुण्या घालण्याआधी शिवा, नंतर हात बसत नाही. कंबर सीटपेक्षा लहान, म्हणून कमरेशी प्रत्येक चुणी पाव इंचाहून थोडी कमी आत घ्या. पल्ल्यांना बाजूला गोलाई द्या. पोट सुटलेलं असेल तर पुढची गोलाई सोडाच. चुण्या वरून ७ इंच शिवून बंद केल्या नाहीत, तर बसताना मागचा भाग छत्रीसारखा उघडतो. खिसा कमरपट्टीत धरून लावा, नाहीतर मोबाइलच्या वजनाने पल्ला ओघळतो.